अमेरिकेत हिंसक गुन्ह्याचा आरोप झालेल्या परकीय नागरिकाची इमिग्रेशन कोठडी : कुटुंबीयांनी काय करावे आणि कोणत्या क्रमाने

अमेरिकेत नागरिकत्व नसलेल्या माणसावर प्राणघातक हल्ला, लैंगिक अत्याचार, सशस्त्र लूट किंवा खून अशा गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला, की त्याच्यामागे एकाच वेळी दोन वेगळ्या यंत्रणा लागतात आणि त्यांपैकी एकीने दिलेली सुटका दुसरीवर बंधनकारक नसते. पहिली यंत्रणा फौजदारी न्यायालयाची. दुसरी गृहसुरक्षा खात्याच्या अखत्यारीतील ‘आइस’ची, देशात राहण्याचा अधिकार नसलेल्या किंवा तो गमावलेल्या परकीयांना ताब्यात घेणे आणि हद्दपार करणे हे तिचे काम. फौजदारी न्यायाधीशाने जामीन मंजूर केला, रक्कम भरली गेली, घरची मंडळी तुरुंगाबाहेर गाडी घेऊन थांबली आणि आतल्या आत आरोपीला आइसच्या हवाली करण्यात आले, असे प्रसंग विरळ नाहीत.

हे मार्गदर्शन अशा आरोपीच्या कुटुंबीयांसाठी आहे. ते वकिलाची जागा घेऊ शकत नाही, परंतु वकिलासमोर कोणते प्रश्न आणि कोणती कागदपत्रे घेऊन बसावे, हे त्यावरून कळावे अशी अपेक्षा आहे. आरोप खरा की खोटा, याचे उत्तर फौजदारी न्यायालय देईल आणि त्याला महिने किंवा वर्षे लागतील. इमिग्रेशनच्या कोठडीचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतच मार्गी लागतो किंवा बिघडतो, आणि तो एका गोष्टीवर अवलंबून असतो : आरोपीला कायद्याच्या कोणत्या कलमाखाली अडकवले आहे किंवा अडकवले जाऊ शकते. जामिनाच्या रकमेची जुळवाजुळव करण्याआधी या कलमाचा शोध घ्यावा.

पहिल्या दोन दिवसांत

आरोपीने वकिलाखेरीज कोणाशीही घटनेविषयी बोलू नये आणि कुटुंबीयांनीही फोनवर त्याला ‘नेमके काय झाले’ असे विचारू नये. तुरुंगातील फोन ध्वनिमुद्रित होतात, आणि इमिग्रेशन कायद्याच्या काही तरतुदी दोषी ठरण्याची वाटही पाहत नाहीत. गुन्हा केल्याची किंवा त्या गुन्ह्याचे घटक असलेली कृत्ये केल्याची कबुली त्यांना पुरते. भेटीला आलेल्या आइस अधिकाऱ्याने जन्मस्थान, देशात प्रवेश कसा झाला, कोणत्या व्हिसावर झाला असे साधे वाटणारे प्रश्न विचारले तरी त्यांची उत्तरे पुढे सरकारच्या बाजूचा पुरावा होतात. खोटे उत्तर देणे धोक्याचे आहे. वकिलाशी बोलल्याशिवाय उत्तर देणार नाही, एवढे सांगून गप्प राहणे योग्य. न वाचलेल्या किंवा न समजलेल्या कागदावर सही करू नये, कारण अशा कागदांत न्यायाधीशासमोरील सुनावणीचा हक्क सोडून हद्दपारी मान्य केल्याचे निवेदनही असू शकते.

व्हिएन्ना येथे १९६३ साली झालेल्या वाणिज्यदूतीय संबंधांच्या कराराच्या कलम ३६ नुसार अटक झालेल्या परकीयाला आपल्या देशाच्या वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. काही देशांच्या नागरिकांबाबत अमेरिकेने हे आपणहून कळवायचे असते. भारत त्या यादीत नाही, त्यामुळे भारतीय नागरिकाने ही मागणी स्वतः करावी लागते. दूतावास खटला लढवत नाही, पण वकिलांची यादी देणे आणि कुटुंबाशी संपर्क साधून देणे एवढी मदत त्याच्याकडून होऊ शकते. आश्रय मागणाऱ्याने मात्र आपल्याच देशाच्या दूतावासाशी संपर्क करण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

तक्रारदाराने तक्रार मागे घेतली की प्रकरण मिटते, या समजुतीने अनेक कुटुंबे आपले सर्वांत मोठे नुकसान करून घेतात. अमेरिकेत खटला चालवायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतो. तक्रारदाराची इच्छा तो विचारात घेतो, एवढेच. हिंसेच्या प्रकरणांत न्यायालय बहुधा पहिल्याच दिवशी संपर्कबंदीचा आदेश देते आणि नातेवाइकामार्फत पाठवलेला निरोपही त्या आदेशाचा भंग ठरू शकतो. घरगुती हिंसाचारातील संरक्षण आदेशाचा भंग हे इमिग्रेशन कायद्यात हद्दपारीचे स्वतंत्र कारण आहे, आणि साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप निरोप पोचवणाऱ्यावरही येऊ शकतो. पीडित व्यक्तीला सुरक्षित वाटण्याचा हक्क आहे हे तर आहेच. पण ज्यांना केवळ आरोपीचे हित पाहायचे आहे, त्यांनीसुद्धा तिच्या वाटेला जाऊ नये.

कोणत्या कलमाखाली?

इमिग्रेशन आणि राष्ट्रीयत्व कायद्याच्या कलम २३६चे दोन भाग येथे महत्त्वाचे आहेत. पहिल्या, म्हणजे ‘ए’ भागाखाली ठेवलेल्या माणसाला सोडण्याचा अधिकार आइसला आणि नंतर इमिग्रेशन न्यायाधीशाला असतो. त्यासाठी भरायच्या रकमेला बाँड म्हणतात आणि ती १,५०० डॉलरपेक्षा कमी नसते. (या लेखात फौजदारी न्यायालयाच्या सुटकेसाठी जामीन आणि इमिग्रेशनच्या सुटकेसाठी बाँड हे शब्द वापरले आहेत. वकिलाशी बोलतानाही हा भेद पाळावा, कारण दोन्हींची सरमिसळ झाल्याने पैसे भलत्याच ठिकाणी जातात.) दुसऱ्या, म्हणजे ‘सी’ भागाखाली स्थानबद्धता सक्तीची असते आणि तेथे बाँड नसतो. कुटुंब, नोकरी, आजारपण यांचे कितीही पुरावे आणले तरी न्यायाधीशाला सोडण्याचा अधिकारच नसतो. ही सक्ती घटनेला धरून आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये डेमोर विरुद्ध किम या खटल्यात म्हटले.

दीर्घकाळ हा दुसरा भाग मुख्यतः दोषसिद्धीवर चालत असे. ‘अॅग्रव्हेटेड फेलनी’, म्हणजे इमिग्रेशन कायद्याने विशेष गंभीर मानलेल्या गुन्ह्यांच्या गटातील दोषसिद्धी त्यात मोडते. खून, बलात्कार आणि अल्पवयीन मुलांवरील लैंगिक अत्याचार हे गुन्हे शिक्षेची मुदत न पाहता या गटात धरले जातात, तर ‘क्राइम ऑफ व्हायोलन्स’ म्हणजे हिंसेचा गुन्हा त्यात येण्यासाठी किमान एक वर्षाची शिक्षा झालेली असावी लागते. बंदुकीसारख्या अग्निशस्त्रांसंबंधीचे गुन्हेही सक्तीच्या यादीत आहेत. घरगुती हिंसाचाराचे हद्दपारीचे कलम मात्र, आश्चर्य वाटेल, पण त्या यादीत नाही. म्हणजे केवळ त्या कारणाने हद्दपारीस पात्र ठरलेल्या ग्रीन कार्डधारकाला बाँड मागता येतो, अर्थात तोच गुन्हा दुसऱ्या एखाद्या सक्तीच्या गटात बसत नसेल तर.

२९ जानेवारी २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या लेकन रायली कायद्याने या चित्रात मोठा बदल केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथे परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या लेकन रायली या विद्यार्थिनीची हत्या झाली होती. त्यात पुढे दोषी ठरलेला माणूस बेकायदा सीमा ओलांडून आलेला होता आणि त्याआधी दुकानातील चोरीच्या प्रकरणात त्याला नोटीस देऊन सोडण्यात आले होते. म्हणूनच या कायद्यात घरफोडी, चोरी आणि दुकानातील उचलेगिरी हे गुन्हे पोलिसावरील हल्ल्याच्या शेजारी बसलेले दिसतात. त्याच यादीत दुसऱ्याचा मृत्यू किंवा गंभीर शारीरिक इजा घडवणारा कोणताही गुन्हा आहे. हा भाग २०१६ साली नेब्रास्कातील ओमाहा येथे मद्यधुंद चालकाच्या धडकेत एका तरुणीचा मृत्यू झाल्यानंतर, आणि जामिनावर सुटलेला तो चालक फरार झाल्यानंतर, अनेक वर्षे चाललेल्या मागणीतून आला. या कलमासाठी दोषी ठरणे आवश्यक नाही. अटक होणे, आरोप ठेवला जाणे किंवा गुन्ह्याची कबुली देणे, यांपैकी काहीही पुरते.

तथापि हे कलम सर्व परकीयांना लागत नाही, आणि येथेच वकिलाला पहिला प्रश्न विचारावा. ते लागण्यासाठी दोन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात : वरील गुन्ह्यांपैकी एकाचा संबंध, आणि तपासणीविना देशात प्रवेश केलेला असणे, फसवणूक करून इमिग्रेशनचा लाभ घेतलेला असणे किंवा प्रवेशाची वैध कागदपत्रे नसणे यांपैकी एका कारणाने प्रवेशास अपात्र ठरणे. रीतसर ग्रीन कार्ड मिळालेला माणूस किंवा वैध व्हिसावर प्रवेश करून दर्जा टिकवून असलेला विद्यार्थी अथवा कर्मचारी सामान्यतः या कलमाच्या कक्षेत येऊ नये. व्हिसा मिळवताना खोटी माहिती दिल्याचा आरोप आला तर मात्र चित्र पालटते. इजा ‘गंभीर’ होती का, हे घटना घडली त्या ठिकाणच्या कायद्यातील व्याख्येनुसार ठरते, त्यामुळे रुग्णालयाच्या नोंदी आणि आरोपपत्रातील नेमके कलम यांना महत्त्व येते.

तपासणीविना प्रवेश केलेल्यांसाठी आणखी एक अडचण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने याहूरे उर्तादो प्रकरणात असा निर्णय दिला, की असे लोक कितीही वर्षे देशात राहत असले तरी ते प्रवेशाचे अर्जदारच मानले जातील, त्यांची स्थानबद्धता कलम २३५ खाली येईल आणि इमिग्रेशन न्यायाधीशाला त्यांना बाँड देता येणार नाही. फेडरल न्यायालयांत या अर्थावर एकमत राहिलेले नाही. अनेक जिल्हा न्यायाधीशांनी तो नाकारला आहे. आरोपी कोणत्या राज्यात बंद आहे, यावर त्याला बाँडची सुनावणी मिळेल की नाही हे ठरावे अशी ही स्थिती आहे.

डिटेनर असताना जामीन भरावा का?

अटकेनंतर घेतलेले बोटांचे ठसे गृहसुरक्षा खात्याकडे पोचतात आणि आइस तुरुंगाकडे ‘डिटेनर’ पाठवू शकते. आय-२४७ए क्रमांकाच्या या कागदात आरोपीची सुटका होण्याआधी आम्हाला कळवा आणि सुटकेच्या वेळेपासून ४८ तासांपर्यंत त्याला आमच्यासाठी थांबवून ठेवा, अशी विनंती असते. फेडरल अपील न्यायालयाच्या तिसऱ्या सर्किटने (सर्किट म्हणजे या न्यायालयांचा प्रादेशिक विभाग) २०१४ मध्ये ही विनंती आहे, आज्ञा नव्हे, असे स्पष्ट केले. टेक्सास आणि फ्लोरिडा यांनी आपल्या तुरुंगांना ती मानण्याची सक्ती केली आहे, तर कॅलिफोर्निया आणि इलिनॉय यांनी सहकार्यावर मर्यादा घातल्या आहेत. पण कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही गंभीर आणि हिंसक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांसाठी अपवाद आहे, त्यामुळे ‘आमचे राज्य संरक्षण देणारे आहे’ या भरवशावर अशा प्रकरणात विसंबू नये. डिटेनर आहे का, हे तुरुंगाच्या नोंदणी कक्षात किंवा फौजदारी वकिलामार्फत विचारता येते.

डिटेनर असेल तर जामीन भरण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हीच गोष्ट कुटुंबाला पटवून देणे सर्वांत अवघड जाते. जामीन भरताच फौजदारी कोठडी संपते आणि आरोपी आइसकडे जातो. आइस त्याला शेकडो मैल दूर, बऱ्याचदा लुइझियाना किंवा टेक्सासमधील केंद्रात हलवू शकते. मग फौजदारी खटल्याच्या तारखेला तो हजर राहू शकत नाही. न्यायालय त्याला गैरहजर समजून वॉरंट काढू शकते आणि भरलेला जामीन जप्त होण्याचा धोका निर्माण होतो. खटला अर्धवट राहिल्याने इमिग्रेशन न्यायाधीशासमोर तो टांगत्या आरोपासह उभा राहतो, जी त्याच्यासाठी सर्वांत वाईट अवस्था आहे. आइसच्या कोठडीतील दिवस पुढे फौजदारी शिक्षेतून वजा होतील याचीही खात्री नसते. म्हणून आरोप कमकुवत असेल आणि खटला लवकर संपण्यासारखा असेल, तर तो संपेपर्यंत फौजदारी कोठडीतच राहणे कधी कधी अधिक शहाणपणाचे ठरते.

याला दुसरी बाजूही आहे. आरोपी ‘ए’ भागात मोडत असेल, बाँड मिळण्याची चांगली शक्यता असेल आणि फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालणार असेल, तर आधी जामीन आणि लगेच बाँड असा मार्ग घेता येतो. अशा वेळी आरोपी आइसच्या ताब्यात असल्याचे फौजदारी न्यायालयाला तत्काळ लेखी कळवणे, ही फौजदारी वकिलाची जबाबदारी त्याच्याकडून पूर्ण करून घ्यावी. निर्णय काहीही असो, तो फौजदारी आणि इमिग्रेशन वकिलांनी एकमेकांशी बोलूनच व्हायला हवा. गरीब आरोपीला फौजदारी खटल्यात सरकारी खर्चाने वकील मिळतो. इमिग्रेशनच्या प्रकरणात, ती कारवाई दिवाणी मानली जात असल्यामुळे, तसा हक्क नाही. न्यूयॉर्क शहराने २०१३ पासून स्थानबद्धांसाठी सार्वजनिक खर्चाने वकील देण्याची योजना सुरू केली, पण असे कार्यक्रम सर्वत्र नाहीत. इमिग्रेशन न्यायालये विनामूल्य मदत करणाऱ्या संस्थांची यादी देतात, तिच्यापासून सुरुवात करावी.

शोध आणि बाँडची सुनावणी

आइसच्या संकेतस्थळावरील शोधयंत्रात ‘ए-नंबर’ (इमिग्रेशन यंत्रणेने परकीयाला दिलेला नोंदणी क्रमांक) आणि जन्मदेश, किंवा संपूर्ण नाव आणि जन्मदेश, टाकून माणूस कोणत्या केंद्रात आहे ते पाहता येते. नावाचे स्पेलिंग सरकारी नोंदीशी तंतोतंत जुळावे लागते. वडिलांचे नाव मधल्या नावात गेले की आडनावाला चिकटले, यावर शोध अडतो, म्हणून पासपोर्टवरील आणि व्हिसावरील दोन्ही रूपे वापरून पाहावीत. ए-नंबर ग्रीन कार्डवर, कामाच्या परवान्यावर किंवा ‘नोटीस टू अपिअर’ या हद्दपारीच्या आरोपपत्रावर असतो. या आरोपपत्राची प्रत मिळवून त्यात सरकारने कोणते कलम लावले आहे ते आधी वाचावे. सरकारने सक्तीचा गट चुकीचा लावला आहे असे वाटल्यास इमिग्रेशन न्यायाधीशाकडे त्यासाठी वेगळी सुनावणी मागता येते. १९९९ मधील निर्णयावरून तिला ‘जोसेफ सुनावणी’ म्हणतात. तेथे सरकार आपला आरोप सिद्ध करू शकण्याची शक्यता फारच कमी आहे, हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो.

बाँड मागण्याचा अधिकार असेल तर विनंती तोंडी किंवा लेखी करता येते. बहुतेक ठिकाणी स्थानबद्धालाच सिद्ध करावे लागते, की तो समाजाला धोकादायक नाही आणि तो पळून जाणार नाही. पहिल्या सर्किटच्या अखत्यारीत, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या राज्यांत, २०२१ च्या निर्णयानंतर हा भार सरकारवर आहे. धोक्याचा प्रश्न आधी येतो आणि तेथे उत्तर प्रतिकूल आले तर पळून जाण्याच्या प्रश्नापर्यंत न्यायाधीश जातच नाही. केवळ आरोप आहे, सिद्ध झालेला नाही, हा युक्तिवाद येथे पुरेसा नाही : अपील मंडळाने २००६ मध्ये गेरा प्रकरणात दोषसिद्धी नसतानाही गुन्ह्याच्या तक्रारीतील मजकूर विचारात घेणे योग्य ठरवले. पोलिसांचा अहवाल न्यायाधीशासमोर असणारच, हे गृहीत धरून तयारी करावी.

म्हणून कागदपत्रांचा भर धोक्याच्या प्रश्नावर असावा. फौजदारी न्यायाधीशाने कोणत्या अटींवर आणि कोणती कारणे देऊन जामीन दिला, पूर्वीच्या प्रत्येक प्रकरणाचा निकाल काय लागला याच्या प्रमाणित प्रती, व्यसनमुक्ती किंवा रागावर नियंत्रणाचे प्रशिक्षण घेत असल्याचा दाखला, सुटकेनंतर पीडित व्यक्तीपासून दूर कोठे राहणार त्या पत्त्याचा पुरावा, हे सारे कामाला येते. घरभाडे, कर, नोकरी, मुलांची शाळा यांचे कागद पळून जाण्याच्या प्रश्नासाठी जोडावेत. शिफारसपत्रे देणाऱ्यांना आरोप काय आहे हे ठाऊक असले पाहिजे आणि तसे त्यांनी पत्रात लिहिले पाहिजे. ‘मनमिळाऊ आणि सज्जन’ असे म्हणणारी, पण आरोपाचा उल्लेखही न करणारी वीस पत्रे न्यायाधीश बाजूला ठेवतो. मात्र कोणीही पत्रात घटनेचे वर्णन करू नये, आणि आरोपीने बाँडच्या सुनावणीत साक्ष द्यावी की नाही हे फौजदारी वकिलाने ठरवावे, कारण तेथे बोललेले शब्द फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरले जाऊ शकतात.

बाँड नाकारल्यास ३० दिवसांत अपील करता येते. मंजूर झाल्यास रक्कम भरणाऱ्याला आपली ओळख आणि कायदेशीर वास्तव्याचा दर्जा दाखवावा लागतो, आणि सर्व अटी पाळल्या गेल्यास प्रकरण संपल्यावर ती परत मिळते.

बाँडचा मार्ग बंद असेल तेव्हा

इमिग्रेशन न्यायाधीशाला अधिकार नसेल, तेव्हा फेडरल जिल्हा न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा अर्ज करून ही स्थानबद्धताच बेकायदा आहे असे म्हणता येते. त्याचे शुल्क फक्त ५ डॉलर आहे. खर्च होतो तो वकिलाचा. हा अर्ज सामान्यतः माणूस ज्या जिल्ह्यात बंद आहे त्याच जिल्ह्यात करावा लागतो, आणि एकदा दाखल झाल्यावर त्याला दुसरीकडे हलवले तरी पहिल्या न्यायालयाचा अधिकार सहसा टिकतो. अनुकूल न्यायालयाच्या हद्दीतून प्रतिकूल हद्दीत स्थलांतर होण्याआधी अर्ज दाखल करणे म्हणूनच कधी कधी तासांचे काम असते. सक्तीची स्थानबद्धता फार लांबली तर तिसऱ्या सर्किटने २०२० मध्ये आणि दुसऱ्या सर्किटने २०२४ मध्ये सुनावणीचा मार्ग खुला केला आहे. इतरत्र नियम वेगळे आहेत.

फौजदारी खटल्यात तडजोडीचा प्रस्ताव येईल, तेव्हा पुन्हा कलमाकडे वळावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या पडिला विरुद्ध केंटकी या निर्णयानुसार, गुन्हा कबूल करण्याचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे सांगणे बचावाच्या वकिलाचे कर्तव्य आहे. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि न्यायालयाने काही बंधन घातले, की पुढे राज्याच्या कायद्यात ती नोंद मिटवली गेली तरी इमिग्रेशन कायद्यात ती बहुधा दोषसिद्धीच राहते. स्थगित ठेवलेली शिक्षाही पूर्ण मोजली जाते. त्यामुळे हिंसेच्या गुन्ह्यात ३६५ दिवसांची स्थगित शिक्षा आणि ३६४ दिवसांची प्रत्यक्ष भोगायची शिक्षा यांत दुसरी कठोर दिसत असली, तरी ग्रीन कार्डधारकासाठी तीच अधिक सुरक्षित असू शकते.

आरोप मागे घेतला गेला किंवा निर्दोष सुटका झाली, तर त्याच दिवशी प्रमाणित प्रत घेऊन बदललेल्या परिस्थितीच्या आधारे बाँडचा फेरविचार मागावा. लेकन रायली कायद्याच्या शब्दांत नुसती अटकही बसते, त्यामुळे त्या कलमाखाली अडकलेल्याला एवढ्याने बाँड मिळेलच असे नाही आणि पुन्हा फेडरल न्यायालयाकडे जावे लागू शकते. हद्दपारीचा अंतिम आदेश झाल्यावर आधी रवानगीसाठीचा ९० दिवसांचा कालावधी सुरू होतो. सहा महिने उलटूनही नजीकच्या काळात प्रत्यक्ष रवानगी होण्याची चिन्हे नसतील, तर २००१ च्या झॅडविडास निर्णयाच्या आधारे सुटकेची मागणी करता येते; त्यासाठी आपला देश प्रवासाची कागदपत्रे देण्यास नकार देत आहे किंवा उत्तरच देत नाही, याचा पत्रव्यवहार पहिल्या दिवसापासून तारखांसह जपून ठेवलेला असावा.